लाकडी बैल, चमकती टेप

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अल्लीपुरात दारोदार लाकडी बैल येतात. चार चाकांवर उभा केलेला नंदी, पाठीवर रेशमी तुकड्याची झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरांची माळ. पोरं त्याला दोरीनं ओढत आणतात, उंबऱ्यापाशी उभा करतात आणि बोजारा मागतात. घरातली बाई निरांजन घेऊन बाहेर येते, लाकडाच्या कपाळाला कुंकू लावते, पोराला ओवाळते आणि त्याच्या मुठीत पैसे ठेवते. हा आमचा तान्हा पोळा. मोठ्यांचा सण आदल्या दिवशी, पिठोरी अमावास्येला होऊन गेलेला असतो. हा दिवस पोरांचा.

यंदा आलेल्या पोरांत शेजारचा एक लहानगा होता. आदल्या संध्याकाळी खऱ्या बैलांच्या पोळ्यात तो आजोबांच्या धोतराआड उभा असलेला मी पाहिला होता. तोरणाखाली जोड्या लागल्या होत्या. एका पांढऱ्या बैलानं मान झटकली, घुंगरं वाजली, नाकातून गरम वाफेचा झोत आला आणि पोरगा मागे सरला. "आबा, हा मारते का?" त्यानं विचारलं. आबांनी काही न बोलता त्याचा तळहात बैलाच्या गळ्याखालच्या मऊ, लोंबत्या कातडीवर ठेवला. पोराच्या चेहऱ्यावर भीती आणि आनंद एकाच वेळी दिसले. दुसऱ्या दिवशी तोच पोरगा आमच्या दारात ऐटीत उभा. त्यानं दोरी ओढली की नंदी चालायचा, सैल सोडली की थांबायचा. या बैलाला श्वास नव्हता, मर्जी नव्हती, शेणाचा वास नव्हता.

लाकडी बैलाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. तो पोराला खऱ्या बैलाकडे घेऊन जातो. ज्यानं लहानपणी नंदीला झूल घातली, तोच मोठेपणी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतो, हळद-लोणी चोळतो, त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतो. खेळणं आणि जनावर यांच्यात एक वाट होती आणि ती रोजच्या पायाखालची होती. अलीकडे मात्र तोरणाखालच्या जोड्या विरळ झाल्यात. वखर आणि पेरणी ट्रॅक्टरवर गेली, डवरणीपुरते बैल काही घरांनी ठेवले, काहींनी तेही ठेवले नाहीत. आणि नेमके याच काळात तान्ह्या पोळ्याचे नंदी मोठे होत गेले, देखणे होत गेले. आमच्याच जिल्ह्यात सिंदी रेल्वेला तर भलेमोठे नंदी निघतात, ते पाहायला दुरून माणसं येतात. मीही ते डोळे भरून पाहिलेत. कारागिराच्या हाताला मी मनापासून मान देतो. फक्त मनात एक शंका येत राहते. नक्कल अशी बहरत गेली आणि मूळ असंच ओसरत गेलं, तर आबांनी नातवाचा तळहात धरून तो ठेवायचा कशावर?

ही शंका घेऊनच त्या रात्री मी एक जुना इंग्रजी सिनेमा पुन्हा लावला. त्याचं नाव 'ब्रेनस्टॉर्म'. १९८३ साली तो आला आणि फारशी गर्दी न जमवता निघून गेला. विज्ञानकथांच्या चित्रपटांच्या याद्या करणारेसुद्धा बहुतेक वेळा त्याला वगळून पुढे जातात. मला तो फार जवळचा वाटतो. त्यातली कल्पना साधी आहे. मायकेल ब्रेस आणि लिलियन रेनॉल्ड्स हे दोन संशोधक डोक्यावर चढवायचं एक यंत्र बनवतात. ते घालून माणूस जे अनुभवतो, ते सगळं टेपवर उतरतं. फक्त दृश्य आणि आवाज नव्हे, चव, वास, स्पर्श, छातीतली धडधड, आठवण, भीतीसुद्धा. दुसऱ्यानं तेच यंत्र डोक्याला लावून ती टेप चालवली की पहिल्याचा अनुभव जसाच्या तसा त्याच्या अंगात उतरतो. ती रुंद, चमकती टेप चाकावर फिरू लागली की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

सुरुवातीच्या एका प्रसंगात एक माणूस खातो आहे आणि चव दुसऱ्याच्या जिभेवर उमटते आहे. प्रयोगशाळेत आनंदाला उधाण येतं. त्या आनंदात मीही सामील होतो, कारण तो खरा आहे. मग घोड्यावरची दौड येते, पाण्याच्या घसरगुंडीवरून सुटणं येतं, आकाशात झेपावणं येतं. खुर्चीत बसलेले लोक हे सगळं भोगतात आणि त्यांचे डोळे चमकतात. पुढे एक सहकारी शरीरसुखाच्या टेपचा तुकडा कापून, जोडून, न संपणारं चक्र बनवतो आणि त्यात स्वतःला सोडून देतो. सापडतो तेव्हा त्याचं शरीर कोलमडलेलं असतं. सुख संपत नाही, म्हणजे तिथून परतही येता येत नाही. सिनेमा हे सांगतो तेव्हा आवाज चढवत नाही.

या चित्रपटाचा दिग्दर्शक डग्लस ट्रंबल. '२००१: अ स्पेस ओडिसी', 'क्लोज एन्काउंटर्स', 'ब्लेड रनर' या चित्रपटांतली डोळे दिपवणारी दृश्यं घडवणाऱ्यांत तो होता. 'ब्रेनस्टॉर्म'साठी त्यानं मोठं स्वप्न पाहिलं होतं. नेहमीच्या चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी पडद्यावरून सरकतात. त्यानं रुंद फिल्मवर सेकंदाला ६० चौकटींची पद्धत तयार केली होती. रोजचं जगणं नेहमीच्या फिल्मवर दाखवायचं आणि टेपमधला अनुभव सुरू झाला की या नव्या पद्धतीनं, म्हणजे प्रेक्षकाला टेपमधलं जग खऱ्याहूनही खरं वाटेल, असा त्याचा बेत. चित्रपटगृहांना त्यासाठी यंत्रं बदलावी लागली असती. ते झालं नाही. शेवटी त्यानं एवढंच केलं की साधं जगणं अरुंद चौकटीत ठेवलं आणि टेप सुरू झाली की पडदा रुंद केला. मी घरच्या लहान पडद्यावर तो पाहतो तरी त्या क्षणी छाती मोकळी झाल्यासारखी वाटते. आणि लगेच त्यामागचा धाक कळतो. बायकोशी जेवणाच्या टेबलावर बोलणं अरुंद, दुसऱ्याच्या डोळ्यांनी आभाळात उडणं मात्र रुंद. घरातलं आपलं माणूस त्या रुंद पडद्यापुढे किती लहान दिसू लागतं!

मायकेलच्या बायकोची, कॅरनची भूमिका नताली वूडनं केली होती. चित्रण बरंचसं झालं होतं आणि २९ नोव्हेंबर १९८१ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत ती बुडून गेली. ४३ वर्षांची होती. निर्मिती थांबली, चित्रपट सोडून द्यायची भाषा सुरू झाली. ट्रंबल अडून बसला, कथा थोडी वळवली, उरलेलं काम तिच्याविना पुरं केलं आणि चित्रपट तिला अर्पण केला. माणसाचा अनुभव टेपवर उरेल का, असं विचारणाऱ्या चित्रपटातली नायिकाच अशी फक्त फिल्मवर उरली. तिचे प्रसंग पाहताना मला दोन दुःखं एकात एक मिसळलेली दिसतात. त्यानंतर ट्रंबलनं हॉलिवूडसाठी दुसरा कथापट दिग्दर्शित केला नाही. २०२२ मध्ये तोही गेला.

मराठीत या चित्रपटाचा एक दूरचा भाऊबंद आहे आणि तोही असाच दुर्लक्षित राहिला. सुजय डहाके यांचा 'फुंतरू', २०१६ सालचा. अभियांत्रिकी महाविद्यालयातला एक मुलगा एका मुलीवर जीव लावतो आणि ती मिळत नाही म्हणून तिची प्रकाशाची प्रतिमा बनवतो, बोलणारी, हसणारी. ती भूमिका केतकी माटेगावकरनं केली होती. गंमत म्हणून नव्हे, कळकळीनं सांगतो, 'फुंतरू' पाहायचा तर त्याआधी 'शाळा' पाहावा. दिग्दर्शक तोच, मुलगीही तीच. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरच्या त्या चित्रपटात आणीबाणीच्या दिवसांतला नववीतला मुकुंद, शिरोडकर या मुलीला नुसतं पाहण्यासाठी वाट बघतो. ती येते, न येते. बोलते, न बोलते. शेवटी तिच्या घरचे गाव सोडतात आणि तिच्याबरोबर सगळंच निघून जातं. मुकुंदच्या हाती काही उरत नाही आणि त्या न उरण्यातूनच तो मोठा होतो. त्याच मुलीची चार वर्षांनी प्रतिमा होते, तेव्हा वाट पाहणं संपतं. बटण दाबलं की ती आहे.

मला या दोन चित्रपटांमधली चार वर्षं आपल्या सगळ्यांच्या आयुष्यातली वाटतात. त्याच काळात आमच्या गावातही खिशाखिशात पडदे आले. ज्या पोरांनी एस.टी. थांब्यावर उभं राहून कुणाची तरी वाट पाहिली असती, ती आता मान खाली घालून तिचा फोटो पाहतात. त्यांचं प्रेम खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण समोरच्या माणसाला नाही म्हणता येतं, मान फिरवता येते, गाव सोडून जाता येतं. प्रेमाला वजन येतं ते तिथूनच. तोरणाखालच्या बैलानं मान झटकली नसती, तर पोराला आबांच्या हाताची गरजच पडली नसती.

आमच्याकडे ट्रॅक्टर आला तेव्हा बाबांनी बैलजोडी विकली. यशोदेच्या खोऱ्यातली आमची काळी जमीन, पावसात पाय घोट्यापर्यंत आत ओढणारी, उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा पडणारी. त्या मातीत बैलांमागे चालून बाबांच्या टाचा मातीसारख्याच झाल्या होत्या. ट्रॅक्टर हवा होता तो त्यांनाच. घरात सगळ्यांना हायसं वाटलं आणि ते वाटणं योग्यच होतं. बैलबाजारात मी त्यांच्याबरोबर होतो. सौदा बोलून होत नाही. दोघं माणसं रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात, दाबतात, सोडतात. भोवतालच्यांना फक्त कापड हललेलं दिसतं. बाबांचा हात त्या रुमालाखाली बराच वेळ होता. मग त्यांनी मान हलवली, बैलांच्या गळ्यातली दावी सोडली, गुंडाळून पिशवीत घातली आणि आम्ही बंडीशिवाय, बैलांशिवाय घरी आलो. वाटेत ते पावसाबद्दल बोलले.

नंतरचं मला जास्त आठवतं. बाबा पहाटे उठतच राहिले. कुटार टाकायची वेळ त्यांच्या अंगात बसलेली होती. कोठ्यात जायचे, रिकाम्या गव्हाणीपाशी उभे राहायचे, झाडू घेऊन स्वच्छच असलेली जमीन पुन्हा झाडायचे. आईनं कधी टोकलं नाही. ट्रॅक्टरनं बैलांचं काम घेतलं होतं, नांगरट चांगली होत होती, वेळ वाचत होता. पण जनावराशी असलेलं नातं त्या कामात मावत नव्हतं. म्हणून ते मागे उरलं आणि कुठे जावं हे त्याला कळत नव्हतं. यंत्र माणसाची जागा घेतं असं आपण सहज म्हणून जातो. मी जे पाहिलं ते असं की यंत्र कामाची जागा घेतं आणि कामाभोवती जमलेली माया उघड्यावर पडते.

सगळी यंत्रं सारखी नसतात, हे मी हिंगणघाटला गेलो की आठवतं. तिथे विल्यम लॅम्बटनची कबर आहे. १८०२ साली मद्रासेजवळ पायारेषा मोजून या माणसानं हिंदुस्थानच्या मोजणीला हात घातला आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला. त्याचं कोन मोजायचं यंत्र सुमारे अर्ध्या टनाचं होतं. ते डोंगरांवर, देवळांच्या शिखरांवर चढवायचं, धुकं विरायची वाट पाहायची, ताप अंगावर काढायचा. जानेवारी १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरकडे जाताना हिंगणघाटला त्याचा अंत झाला. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेलं. त्या मोजणीनं राज्यकर्त्यांची मूठ घट्ट झाली, हे खरंच आहे. तरी त्या कबरीपाशी माझ्या मनात येतं ते हे की ते अवजड यंत्र त्या माणसाला घरी बसू देत नव्हतं. त्यानं त्याला वीस वर्षं चालवलं. ऊन, चिखल, ताप आणि रात्रीचे दिवे हे सगळं त्या आकड्यांच्या आत आहे. आज त्याच भूमीचा नकाशा मी बोटानं मोठा-लहान करतो. आमचं शेतही त्यात दिसतं, वरून, हिरव्या चौकोनासारखं. बाबांनी तो चौकोन पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांनी धुऱ्यावरचं बोरीचं झाड शोधलं. ते दिसलं नाही. मग त्यांनी फोन मला परत दिला.

आमच्या जिल्ह्यात राहून यंत्राचा विचार करायचा आणि सेवाग्रामला जायचं नाही, हे होत नाही. गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेरीस तिथे राहायला आले, तेव्हा त्या खेड्याचं नाव शेगाव होतं. कुडाच्या भिंती, कौलांचं छप्पर, बसायला चटई. आणि तिथेच एका छोट्या कोठडीत एक टेलिफोन आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून तो बसवला होता. पाहायला आलेली शाळकरी मुलं त्याच्यासमोर थबकतात. चरख्यापेक्षा फोनच त्यांना ओळखीचा, जरी असला फोन त्यांनी कधी हातात धरलेला नसला तरी. मला त्या कोठडीबद्दल आपुलकी वाटते. यंत्र घरात आहे, पण त्याला त्याची खोली दिलेली आहे. माणूस उठून त्याच्याकडे जातो, बोलतो आणि परत चटईवर येतो. यंत्राला किती जागा द्यायची, हे त्या चार भिंतींनी ठरवून टाकलं आहे.

१९०९ सालच्या नोव्हेंबरात गांधीजींनी इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला जाताना बोटीवर 'हिंद स्वराज' लिहिलं. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये ई. एम. फॉर्स्टरची 'द मशीन स्टॉप्स' ही कथा छापून आली. तिच्यात माणसं जमिनीखाली एकेका खोलीत राहतात, पडद्यावर एकमेकांना पाहतात, सगळं यंत्राकडून मिळवतात आणि प्रत्यक्ष भेट, प्रत्यक्ष स्पर्श त्यांना नकोसा वाटू लागतो. त्या कथेत एक मुलगा आईला सांगतो की मला तुला यंत्रातून नव्हे, समोर पाहायचं आहे. दोन लेखकांचा एकमेकांशी संबंध नव्हता. एक समुद्रावर, एक इंग्लंडात. पण दोघांना एकाच वेळी एकच काळजी लागली होती. पुढे याच गांधीजींच्या चरखा संघानं १९२९ मध्ये उत्तम चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं, हेही विसरू नये. त्यांना यंत्र हवं होतं, हात रिकामा करणारं नको होतं.

हाताचा विषय निघाला की मला कापसाची वेचणी आठवते. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटी फुटते, रान पांढरं होतं, बाया कंबरेला ओटी बांधून ओळीत लागतात. उकललेल्या बोंडाची टोकं वाळून टणक झालेली असतात. कापूस ओढताना ती नखाच्या कडेला लागतात. दुपारपर्यंत पाठ ताठते. संध्याकाळी वजन होतं आणि किलोवर मजुरी मिळते. एका दुपारी धुऱ्यावर बसून मी विचार करत होतो की 'ब्रेनस्टॉर्म'मधलं ते यंत्र आमच्या रानात आणलं तर? चित्रपटातले लोक विमानं, घोडे, लाटा उतरवून घेतात. विकत घेणारा जे मागेल तेच टेपवर जाणार. वेचणाऱ्या बाईची दुपार कोण मागेल? आणि कुणी खरंच मागितली, कापसाचा भाव ठरवणाऱ्यानं ती टेप डोक्याला लावली, तिची पाठ त्याच्या पाठीत दुखली, तर भावात फरक पडेल? मला मनापासून वाटतं, थोडा पडेल. दुसऱ्याच्या अंगात शिरता येणं ही लहान गोष्ट नाही. संतांनी आयुष्यभर तेच मागितलं. फक्त त्याच्या हातात बंद करायचं बटण असेल आणि तिच्या हातात नसेल. उद्या पुन्हा यायचं आहे, हे कळणं हाच त्या दुखण्याचा मोठा भाग आहे, आणि तेवढंच नेमकं टेपमध्ये उतरणार नाही.

म्हणूनच 'ब्रेनस्टॉर्म'मधला माझा सर्वांत आवडता प्रसंग उडण्याचा नाही. मायकेल आणि कॅरनचं लग्न मोडकळीला आलेलं असतं. दोघं एका घरात राहून एकमेकांना दिसेनाशी झालेली असतात. मायकेल आपल्या आठवणींची एक टेप करतो आणि तिला देतो. ती डोक्याला लावते आणि पहिल्यांदा त्याच्या आतून स्वतःला पाहते, तो तिच्याकडे कसा पाहत आला ते पाहते. ती रडते. मग यंत्र बाजूला ठेवून दोघं एकमेकांकडे वळतात. तेच यंत्र एका माणसाला सुखाच्या चक्रात अडकवतं आणि या दोघांना परत एका खोलीत आणतं. चित्रपट यांपैकी एकाच बाजूला उभा राहत नाही. हे त्याचं मोठेपण आहे आणि कदाचित म्हणूनच तो कुणाच्या यादीत बसला नाही.

पुढे लिलियनला प्रयोगशाळेत एकटी असताना हृदयविकाराचा झटका येतो. लुईझ फ्लेचरनं तो प्रसंग असा केला आहे की पाहणाऱ्याचा हात आपोआप छातीवर जातो. मदत येणार नाही हे कळल्यावर ती यंत्र डोक्याला लावते आणि आपलं मरण टेपवर उतरवते. आयुष्यभर संशोधक असलेली बाई शेवटच्या श्वासालाही काम करते. त्यानंतर मायकेलला दुसरं काही सुचत नाही. त्याला ती टेप पाहायचीच असते. शेवटी राइट बंधूंनी पहिलं उड्डाण केलं त्या किटी हॉकजवळच्या स्मारकापाशी, एका टेलिफोनच्या खोक्यात उभा राहून, तारेवरून तो ती टेप आपल्या डोक्यात ओढून घेतो. मरणाच्या पलीकडे तो बराच दूर जातो. कॅरन त्याला धरून हाका मारत राहते. लिलियनच्या मरणातून त्याला परत आणायला कॅरनची जिवंत हाक लागते.

हा भाग मी धाकट्या भावाला सांगितला. तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे, ज्या यंत्रांचा मी असा विचार करत बसतो ती तो रोज घडवतो. मला वाटलं होतं तो ट्रंबलच्या चौकटींबद्दल विचारेल. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "दादा, बाबांची अशी एक टेप असती ना, तर मी लावली असती."

"कोणती?" मी विचारलं.

"बैल विकून घरी येतानाची. तू होतास सोबत. मी नव्हतो."

बाबा जाऊन आता काही काळ लोटला आहे. त्या वाटेवर ते पावसाबद्दल बोलले होते, एवढंच मी भावाला सांगू शकलो. रुमालाखाली त्यांची बोटं काय म्हणाली, कोऱ्या पिशवीतली दावी त्यांना किती जड झाली, ते मलाही माहीत नाही, मी त्यांच्याशेजारून चालत होतो तरी. कधी वाटतं, भावाचं बरोबर आहे. ज्या माणसानं आपल्याला वाढवलं त्याच्या आत एक घटका तरी उभं राहावं, हा हक्क लेकरांना असावा. कधी वाटतं, बाबांनी ते आपल्यापाशी ठेवलं ते त्यांना तसं ठेवायचं होतं म्हणून. त्यांच्या न बोलण्याशेजारून चालत घरी येणं हाच मला मिळालेला त्यांचा अनुभव आहे, अपुरा आणि माझा. टेप लागली असती तर बाबांचं मन मला कळलं असतं, पण त्यांच्या शेजारचा मी मात्र त्यात कुठे असतो?

दिवाळीला भाऊ येईल. वेचणी सुरू असेल, आम्ही दोघं सवयीनं धुऱ्यानं फिरू आणि तो हा विषय काढल्यावाचून राहणार नाही. तेव्हा मी त्याला विचारणार आहे की त्या टेपमध्ये त्याला बाबांचं दुःख हवं आहे, की बाबा. दोन्ही एकच आहेत असं तो म्हणाला, तर पुढे काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.